नवी विमाने जमिनीवर का उभी आहेत?

२ मे २०२३ रोजी मुंबईच्या वाडिया समूहाच्या गो फर्स्ट या विमान कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून तिची उड्डाणे बंद झाली. आपल्याकडे विमान कंपन्या बुडणे काही नवे नाही. किंगफिशर गेली, जेट एअरवेज गेली. कर्ज, थकलेले पगार, इंधनाचे दर ही कारणे वाचकांना पाठ झाली आहेत. गो फर्स्टने मात्र थेट इंजिनाकडे बोट दाखवले. १ मे रोजी कंपनीची २५ एअरबस ए३२० निओ विमाने, म्हणजे तिच्या निओ ताफ्यातली जवळपास निम्मी, चालू इंजिने नाहीत म्हणून उभी होती. डिसेंबर २०१९ मध्ये हे प्रमाण अवघे ७ टक्के होते. ही इंजिने बनवणाऱ्या अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीने तातडीने दहा सुटी इंजिने द्यावीत, असा आदेश सिंगापूरच्या लवादाने दिला होता. तो पाळला गेला नाही, ही गो फर्स्टची तक्रार. गो फर्स्ट आमचे पैसे थकवत आली आहे, हे प्रॅटचे उत्तर. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला आणि हा वाद एका मेलेल्या कंपनीचा वाद होऊन बसला.

सगळा दोष इंजिनावर टाकणे गो फर्स्टच्या सोयीचे होते, हेही खरे. तीच इंजिने इंडिगोकडे होती, तिचीही विमाने उभी राहिली, पण ती बुडाली नाही. तिच्या गाठीला पैसा होता, हाताशी जुनी विमाने होती आणि कारखानदाराशी घासाघीस करता येईल एवढ्या मोठ्या मागण्या होत्या. तरीही मूळ प्रश्न उरतोच. कोऱ्या करकरीत विमानांचा अर्धा ताफा इंजिनाअभावी उभा राहतो, तर नव्या पिढीच्या विमानांचे नेमके बिघडले आहे तरी काय?

या प्रश्नाच्या उत्तरात सहसा सगळ्याची खिचडी होते. बोइंगचे निखळलेले दार, मॅक्सचे अपघात, प्रॅटची इंजिने, रोल्स-रॉइसची गंजलेली पाती, एअरबसचा उडालेला रंग, सगळे एकाच दमात सांगितले जाते आणि शेवटी 'हल्ली दर्जाच राहिला नाही' असा निकाल लागतो. वस्तुतः इथे निदान तीन वेगळी दुखणी आहेत. एक धातूचे, एक कारखान्यातल्या हातांचे आणि एक चुकीची रचना दडवण्याचे. तिन्हींची मुळे कुठेतरी एकमेकांत गुंततात, पण औषध एक नाही.

नव्या विमानाला पहिली काही वर्षे खोडी असतातच. १९६९ मध्ये बोइंगचे ७४७ तयार होत होते तेव्हा त्याचे जेटी९डी हे इंजिन वेळेत सुधारेना. हे इंजिनही प्रॅटचेच. एव्हरेटच्या कारखान्याबाहेर महाकाय विमाने इंजिनांविना उभी राहिली आणि त्यांचा तोल सांभाळायला पंखांना काँक्रीटचे ठोकळे लटकवावे लागले. पुढच्या दोन वर्षांत आरबी२११ या इंजिनाने रोल्स-रॉइसलाच बुडवले. कार्बन तंतूंच्या पंख्याचा प्रयोग पक्षी आदळण्याच्या चाचणीत फसला, खर्च हाताबाहेर गेला, फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले आणि ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. पण ही दोन्ही इंजिने काही वर्षांत ताळ्यावर आली. आरबी२११ तर पुढे अतिशय भरवशाचे ठरले. गो फर्स्टच्या निओंवरचे प्रॅटचे पीडब्ल्यू११००जी प्रवासी सेवेत आले जानेवारी २०१६ मध्ये. दहा वर्षे होत आली तरी त्याच्यामुळे जगभर शेकडो विमाने उभी असावीत, हे मात्र जुन्या इतिहासात बसत नाही.

हे इंजिन मुळात हुशारीचे आहे. जेट इंजिनाचा पुढचा मोठा पंखा जितका मोठा आणि जितका सावकाश फिरेल तितके इंधन कमी लागते. त्याला फिरवणारे मागचे टर्बाइन मात्र भरभर फिरले तरच नीट काम करते. नेहमीच्या इंजिनात दोघे एकाच दांड्यावर असतात, त्यामुळे दोघांनाही तडजोड करावी लागते. प्रॅटने मध्ये दातेरी चाकांची पेटी बसवली, टर्बाइनच्या तीन फेऱ्यांना पंख्याची साधारण एक. गाभ्याबाहेरून जाणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या बारा पट झाली. आधीच्या व्ही२५०० इंजिनात ती पाचपटीच्या आसपास होती. इंधनात १५-१६ टक्के बचत. ज्या धंद्यात नफा दोन-चार टक्क्यांवर खेळतो आणि इंधन हाच सर्वांत मोठा खर्च असतो, तिथे ही बचत म्हणजे लॉटरीच. या पेटीवर प्रॅटने सुमारे वीस वर्षे आणि १० अब्ज डॉलर घातले असे सांगितले जाते. एवढे दातेरी यंत्र आकाशात टिकणार कसे, अशी शंका प्रतिस्पर्धी घेत होते. गंमत अशी, की ती पेटी जवळजवळ कधीच बिघडली नाही. बिघडले ते सगळे जे प्रॅट आणि तिचे भाईबंद पन्नास वर्षे बनवत आले होते: सील, बेअरिंग, ज्वलनकक्ष, पाती, चकत्या.

सुरुवात झाली ती इंजिन चालू करण्यापासूनच. उतरल्यावर थोड्या वेळात पुन्हा उडायचे असेल तर आतल्या तप्त दांड्याची वरची बाजू खालच्यापेक्षा गरम राहते आणि दांडा किंचित वाकतो. तो सरळ होईपर्यंत इंजिन पेटवता येत नाही, नुसते फिरवत बसावे लागते. पहिले विमान घेण्याचा मान कतार एअरवेजला मिळायचा होता. तिने ते घेण्याचेच नाकारले आणि मान लुफ्थान्साकडे गेला. अर्ध्या तासात प्रवासी उतरवून नवे चढवणाऱ्या स्वस्त कंपन्यांसाठी ही दिरंगाई महागात पडणारी होती. पुढे तिच्यावर तोडगा निघाला, पण तोवर इंजिन भारतात पोचले होते.

मार्च २०१६ मध्ये इंडिगोचे पहिले निओ आले. त्यानंतरची चार वर्षे म्हणजे डीजीसीए या भारतीय विमान वाहतूक नियामकाच्या आदेशांची मालिकाच आहे. आधी ज्वलनकक्ष अपेक्षेपेक्षा लवकर जळू लागले, मग तिसऱ्या क्रमांकाच्या बेअरिंगचे सील गळून तेलात धातूचा कीस येऊ लागला. त्यावर उपाय होतो न होतो तोच कॉम्प्रेसरमधल्या एका सुधारित सीलनेच घोटाळा केला. १२ मार्च २०१८ रोजी अहमदाबादहून लखनौला निघालेले इंडिगोचे विमान इंजिन बिघडल्याने परत फिरले आणि त्याच दिवशी डीजीसीएने इंडिगोची आठ व गोएअरची तीन अशी ११ विमाने उभी केली. (गो फर्स्टचे तेव्हाचे नाव गोएअर.) ऑक्टोबर २०१९ मध्ये तर इंडिगोच्या विमानांत आठवडाभरात चार वेळा तेच घडले. विमान चढत असताना मागच्या टर्बाइनची पाती तुटायची, इंजिन थरथरायचे आणि वैमानिकाला परतावे लागायचे. १ नोव्हेंबरला डीजीसीएने फर्मान काढले: ३१ जानेवारीपर्यंत इंडिगोच्या सर्व ९७ विमानांची दोन्ही इंजिने बदला, नाहीतर विमाने उभी करा. नंतर मुदत वाढवावी लागली, पण बदल झाले. भारतीय नियामकाला मवाळ म्हणण्याची पद्धत आहे; या एका प्रकरणात तरी तो अनेकांच्या पुढे होता.

हे भारतातच एवढे का? इंजिनाच्या गाभ्यातल्या वायूचे तापमान पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर असते. पाती टिकतात ती आतल्या बारीक नळ्यांतून खेळणाऱ्या थंड हवेवर आणि वरच्या सिरॅमिकच्या लेपावर. दिल्लीच्या मे महिन्यातली किंवा आखाती देशांतली हवा आत गेली, की तिच्यातली कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांची धूळ त्या उष्णतेत वितळते, पात्यांवर काचेसारखी चिकटते, नळ्या बुजवते आणि लेप उखडते. उकाड्यात हवा विरळ असते, म्हणून तेवढेच वजन उचलायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. जुनी इंजिने कमी तापायची, तेव्हा एवढी धूळ खपून जायची. नव्या इंजिनाने इंधनाची बचत केली ती तापमान आणि दाबही वाढवून, म्हणजे जी ढिलाई पूर्वी सुरक्षित अंतर म्हणून शिल्लक असे तीच वापरून टाकून. प्रॅटच्या कनेक्टिकटमधल्या चाचणीकक्षात हजारो तास फिरलेले इंजिन राजस्थानच्या धुळीची परीक्षा देऊन येत नाही.

धुळीपर्यंत समजण्यासारखे होते. जुलै २०२३ मध्ये जे उघड झाले त्याचा धुळीशी संबंधच नव्हता.

टर्बाइनची पाती ज्या चकतीवर बसतात ती निकेलच्या मिश्रधातूची असते. वितळलेल्या धातूची बारीक पूड करायची, प्रचंड दाबाखाली ती एकजीव करायची आणि मग घडवायची, अशी तिची कृती. पुडीत दुसऱ्या पदार्थाचा सूक्ष्म कण राहिला तर तो भाकरीच्या पिठातल्या खड्यासारखा शेवटपर्यंत आतच राहतो. इथे फरक एवढाच की त्या कणापासून भेग सुरू होते. मिनिटाला हजारो फेरे घेणारी चकती फुटली, तर तिचे तुकडे कोणतेही आवरण अडवू शकत नाही. मार्च २०२० मध्ये हो ची मिन्ह सिटीच्या धावपट्टीवर व्हिएतनाम एअरलाइन्सच्या एअरबस ए३२१ची अशी चकती फुटली. ते जुने व्ही२५०० इंजिन होते, पण पूड तीच. त्यावर तपासण्या सुरू झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये एका निओच्या कॉम्प्रेसरचा भाग उड्डाणाच्या तयारीत असतानाच फुटला, तेव्हा आधीच्या तपासण्या पुरेशा नव्हत्या हे स्पष्ट झाले. प्रॅटची मूळ कंपनी आरटीएक्सने आधी सांगितले, १,२०० इंजिने उतरवून तपासावी लागतील. २०१५च्या अखेरीपासून २०२१च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे बनलेल्या भागांचा प्रश्न होता. दीड महिन्यातच, सप्टेंबरमध्ये, आणखी ६०० ते ७०० इंजिने अपेक्षेपेक्षा आधी उतरवावी लागतील हे जाहीर झाले. २०२४ ते २०२६ या काळात कोणत्याही दिवशी सरासरी ३५० विमाने उभी राहतील आणि एकेक इंजिन २५० ते ३०० दिवस अडकून पडेल, असा कंपनीचाच अंदाज होता. एकूण खर्च ६ ते ७ अब्ज डॉलर.

इथे धातूचे दुखणे आणि दर्जा-नियंत्रणाचे दुखणे एकत्र येतात. अवघड रचनेत काहीतरी फसणे समजता येते. सहा वर्षे सदोष कच्चा माल वापरात राहतो आणि पकडला जात नाही, हे समजून घेण्याच्या पलीकडचे आहे.

परिणाम भारतात ठळक दिसला. इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने एका वेळी उभी होती. तिने जुन्या विमानांचे भाडेपट्टे लांबवले आणि परदेशी कंपन्यांची विमाने कर्मचाऱ्यांसकट भाड्याने आणली. हंगेरीची विझ एअर, अमेरिकेची स्पिरिट, मेक्सिकोची व्होलारिस, न्यूझीलंडची एअर न्यूझीलंड, सगळ्यांचे हेच. सुट्या इंजिनांचा भाव असा चढला की अवघ्या काही वर्षांची ए३२१ निओ विमाने मोडून त्यांची इंजिने काढून घेणे फायद्याचे ठरू लागले. पंचवीस वर्षे उडण्यासाठी बांधलेले विमान शाळकरी वयातच भंगारात जाते, आणि ताळेबंदाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असते! दुसऱ्या टोकाला २०२५च्या मध्यावर एअरबसच्या आवारात सुमारे ६० नवी विमाने तयार होऊन इंजिनांची वाट पाहत होती. उडत्या विमानांच्या दुरुस्तीला इंजिने द्यायची, की नव्या विमानांना, हा पेच इंजिन कंपन्यांपुढे होता.

प्रॅट एकटी पापी नाही. ७८७ वर बसणाऱ्या रोल्स-रॉइसच्या ट्रेंट १००० इंजिनाची पाती हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी खाल्ली. २०१६ मध्ये जपानच्या एएनएला हा फटका प्रथम बसला. २०१८ मध्ये, एका इंजिनावर किती वेळ उडता येईल याची काही विमानांची मर्यादा ३३० मिनिटांवरून १४० वर आली. महासागर ओलांडणाऱ्या विमानासाठी ही बेडीच. दुरुस्त्या आणि भरपाईपोटी रोल्स-रॉइसला २ अब्ज पौंडांहून जास्त मोजावे लागले. इंडिगोने जून २०१९ मध्ये प्रॅटकडे पाठ फिरवून सीएफएम कंपनीच्या लीप इंजिनांची २० अब्ज डॉलरची मागणी नोंदवली. लीप तुलनेने बरे निघाले, पण उष्ण आणि धुळीच्या प्रदेशांत त्याचीही टर्बाइनची पाती लवकर झिजतात आणि इंधन फवारणाऱ्या तोट्यांवर काजळी धरते. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्यासाठी सुधारित पात्यांना मान्यता मिळाली. त्या पात्यांच्या चाचणीसाठी कंपनीने मुद्दाम धूळ सोडून इंजिने चालवली. हे आधीच का केले नाही, असा प्रश्न एखाद्या भारतीय देखभाल अभियंत्याने विचारला तर तो गैर नाही.

आता बोइंगकडे वळू. इथला आजार निराळा आहे.

८ जुलै २००७ रोजी बोइंगने ७८७ विमान जगाला दाखवले. अमेरिकन पद्धतीने लिहिलेली तारीख ७/८/०७, म्हणून मुहूर्त. विमान आतून पोकळ होते आणि बरेचसे तात्पुरत्या खिळ्यांवर उभे होते. पंख जपानमधून, धडाचे तुकडे इटलीहून आणि दक्षिण कॅरोलिनातून, जोडणी फक्त आपल्याकडे, अशी नवी व्यवस्था होती. आलेले तुकडे अर्धवट आणि एकमेकांशी न जुळणारे निघाले. पहिले विमान २००८ ऐवजी सप्टेंबर २०११ मध्ये हाती आले. २०१३च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये आणि जपानमध्ये बॅटऱ्या पेटल्या, तेव्हा एअर इंडियाच्या सहा विमानांसह जगातली सगळी ७८७ तीन-चार महिने उभी राहिली. धडाच्या सांध्यांत केसाएवढ्या जाडीची, पण ठरलेल्या मापापेक्षा जास्त, फट राहते म्हणून २०२० ते २०२२ या काळात विमानांची पोच दोनदा थांबली. हे सगळे कुणाला आधी दिसलेच नव्हते असे नाही. जॉन हार्ट-स्मिथ या बोइंगच्याच अभियंत्याने २००१ मध्ये कंपनीच्या परिसंवादात निबंध वाचून बजावले होते, की काम बाहेर देताना नफाही बाहेर जातो, आणि सर्वांत कच्च्या पुरवठादारापेक्षा मुख्य कारखानदार चांगला असू शकत नाही. निबंध वाचला गेला, बाजूला ठेवला गेला.

बोइंगच्या ७३७ मॅक्सचे दोन अपघात याच माळेत ओवले जातात, पण ते कारखान्यातल्या निष्काळजीपणाचे बळी नव्हते. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचे आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे विमान कोसळून ३४६ माणसे गेली. विमाने आराखड्याप्रमाणेच बांधलेली होती. आराखडाच चुकीचा होता. पुढे सरकवलेल्या मोठ्या इंजिनांमुळे बदललेला विमानाचा स्वभाव झाकण्यासाठी एमकॅस ही संगणकप्रणाली बसवली. ती एकाच संवेदकाच्या भरवशावर विमानाचे नाक खाली दाबू शकत होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. नवे प्रशिक्षण लागणार नाही, हे विक्रीचे आश्वासन होते. ही चूक हातांची नव्हती. समजून-उमजून दडवलेली होती.

हातांची चूक दिसली ती ५ जानेवारी २०२४ रोजी. पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या ७३७-९ विमानाचा एक दारासारखा तुकडा सुमारे १६ हजार फुटांवर सुटून गेला. विमानात १७७ माणसे होती. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणून कुणी ओढले गेले नाही. एका प्रवाशाचा मोबाईल तेवढ्या उंचीवरून पडूनही चालू स्थितीत सापडला, तेव्हा मोबाईल कंपनीचा दर्जा विमान कंपनीपेक्षा बरा, असे विनोद झाले. तपासात निघाले ते विनोदाच्या पलीकडचे. विमान जेमतेम दोन महिन्यांपूर्वीच ताब्यात दिले होते. विचिटाच्या स्पिरिट एरोसिस्टिम्समधून आलेल्या धडात पाच रिव्हेट खराब होते. ते बदलण्यासाठी बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात तो तुकडा काढला आणि परत लावताना चार बोल्ट लावायचे राहून गेले. काढल्याची नोंद नाही, म्हणून परत लावल्याची तपासणी नाही. कुणी काढला, हेही तपास यंत्रणेला कळू शकले नाही. बोइंगच्या त्यानंतरच्या सरकारी तपासणीत ८९ पैकी ३३ बाबींत नापास शेरा पडला. स्पिरिटमध्ये तर दाराचे सील तपासायला हॉटेलच्या खोलीचे कार्ड आणि वंगणाला भांडी घासायचा साबण वापरलेला आढळला.

हे स्पिरिट म्हणजे कोण? बोइंगचाच विचिटाचा कारखाना. २००५ मध्ये तो विकून टाकला, कारण धड बांधणे कमी नफ्याचे काम होते. वीस वर्षांनी, २०२५च्या डिसेंबरमध्ये, बोइंगने तो परत विकत घेतला. मधल्या काळात, २०१३ ते २०१९ या सात वर्षांत, कंपनीने स्वतःचेच समभाग परत घेण्यासाठी सुमारे ४३ अब्ज डॉलर खर्च केले. नव्या विमानाचा आराखडा त्याहून कमी पैशांत झाला असता. या एका आकड्यापुढे 'कामगार सुस्तावले' वगैरे स्पष्टीकरणे फिकी पडतात. महामारीत जाणते कामगार घरी पाठवले गेले आणि त्यांच्या जागी नवखे आले हे खरे आहे, पण तो निर्णयही वरचाच होता.

भारतात याची झळ मुंबईच्या अकासा एअरला बसली. फक्त मॅक्स विमाने उडवणाऱ्या या कंपनीने २२६ विमानांची मागणी नोंदवली आहे. अमेरिकी नियामकाने बोइंगचे उत्पादन महिन्याला ३८ विमानांवर रोखून धरल्यावर विमाने उशिरा येऊ लागली आणि भरती केलेल्या अनेक वैमानिकांना उड्डाणाविना बसून राहावे लागले.

एअरबसची प्रतिमा या काळात उजळली, काहीशी फुकटात. तिच्या ए३५० विमानांचा रंग उखडून खालची वीज-संरक्षक तांब्याची जाळी दिसू लागली, तेव्हा कतार एअरवेजने डझनावारी विमाने उभी करून लंडनच्या न्यायालयात दावा लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड झाली. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस उड्डाण-नियंत्रण संगणकाच्या एका सॉफ्टवेअरवर तीव्र सौरकिरणांचा परिणाम होऊ शकतो असे आढळले आणि जगभरच्या सुमारे ६ हजार ए३२० गटातल्या विमानांत बदल करावे लागले. भारतातली तीनशेहून अधिक विमाने त्यात होती आणि बहुतेकांचे काम दोन-तीन दिवसांत उरकले. पाठोपाठ एका पुरवठादाराच्या धडाच्या पत्र्यांची जाडी ठरल्याप्रमाणे नसल्याचे निघाले. फरक असा, की एअरबसने हे बहुतांशी स्वतः होऊन सांगितले.

घाबरून जाण्यासारखे यात किती आहे? इंजिने बिघडली, तरी प्रॅटच्या ए३२० निओ इंजिनांमुळे विमान कोसळून माणसे मेल्याची घटना नाही. दोन इंजिनांचे विमान एकावर सुखरूप उतरते, वैमानिक त्याचाच सराव करतात. पण 'बिघाड म्हणजे फक्त गैरसोय' असेही म्हणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये स्विस कंपनीच्या ए२२० विमानाचे इंजिन हवेत बिघडून केबिनमध्ये धूर भरला. विमान ऑस्ट्रियात ग्राझला उतरले, पण केबिन कर्मचाऱ्यांपैकी एक जण पुढे दगावला. ते इंजिनही प्रॅटच्या याच घराण्यातले होते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला कोसळलेल्या एअर इंडियाच्या ७८७ विमानात आणि जमिनीवर मिळून २६० माणसांचा बळी गेला. विमान बोइंगचे म्हणून अनेकांनी लगेच दर्जाचा धागा जोडला. प्राथमिक अहवालात उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन बंद करणाऱ्या कळा 'बंद' स्थितीत गेल्याची नोंद आहे. त्या का आणि कशा गेल्या हे अहवाल सांगत नाही. विमानाच्या किंवा इंजिनाच्या बनावटीबद्दल त्यात कोणतीही शिफारस नाही. अंतिम निष्कर्ष येईपर्यंत हा अपघात या लेखाच्या हिशेबात धरणे अन्यायाचे ठरेल.

मग या सगळ्याच्या बुडाशी काय आहे? एक तर घाई. डिसेंबर २०१० मध्ये एअरबसने निओ जाहीर केले. पुढच्या जुलैत अमेरिकन एअरलाइन्ससारखे हक्काचे गिऱ्हाईक हातचे जाताना पाहून बोइंगने महिन्याभरात मॅक्स काढले. पाच-सहा वर्षांत हजारो विमाने द्यायची वचने दिली गेली, आणि एखादे इंजिन काही वर्षे मोजक्या विमानांवर मुरवून मग वाढवण्याची जुनी चाल मोडली. दोष कळेपर्यंत तो शेकडो विमानांत शिरलेला असतो. दुसरे, पैशाचे गणित. इंजिने भरमसाट सवलतीत विकायची आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे देखभालीच्या कराराने कमवायचे, असा हा धंदा आहे. तासाच्या दराने होणाऱ्या या करारात इंजिन बिघडले तर दुरुस्तीचा खर्च कारखानदाराचा. उभ्या विमानाचे भाडे, रद्द फेऱ्या, परत केलेली तिकिटे मात्र विमान कंपनीची. भरपाई मिळते, पण वाटाघाटीने, बंद दाराआड, आणि ज्याची मागणी मोठी त्याला जास्त. इंडिगोला किती मिळाली हे जाहीर नाही. गो फर्स्टला लवादाचा आदेश मिळाला आणि तो पुरला नाही.

यात आपण केवळ सोसणारे गिऱ्हाईक नाही. चाकणच्या जीईच्या कारखान्यात लीपसह अनेक इंजिनांचे भाग बनतात. नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडियासाठी उभारलेल्या केंद्रात ७८७ आणि ७७७ ची इंजिने उघडली जातात. हैदराबादेत सफ्रानच्या लीप-दुरुस्ती केंद्राचे उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये झाले. शेकडो इंजिने मागवणाऱ्या देशाला, आमच्या धुळीत आणि आमच्या उन्हात चाचणी झाल्याखेरीज इंजिन घेणार नाही, असे म्हणण्याचा हक्क आहे. तो आजवर वापरला गेलेला नाही.

त्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. डीजीसीए दर महिन्याला प्रवासीसंख्या, वक्तशीरपणा आणि फेऱ्या रद्द होण्याची कारणे प्रसिद्ध करते. त्यात 'तांत्रिक' या एका रकान्यात सगळे कोंबलेले असते. कोणत्या कंपनीची किती विमाने कोणत्या इंजिनामुळे किती दिवस उभी आहेत, आणि दर हजार तासांमागे कोणते इंजिन किती वेळा उतरवावे लागले, हे त्याच तक्त्यात छापायला हरकत नाही. ही माहिती डीजीसीएकडे असते. संसदेत प्रश्न विचारला की ती तुकड्यातुकड्याने बाहेर येते. ती दर महिन्याला, मागितल्यावाचून मिळावी, ही मागणी प्रवासी संघटनांनी आणि खासदारांनी लावून धरावी.